१९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, ती सावकारांच्या कर्जापायी का?

प्रश्न (वाचक, अमळनेर)

आमच्या वाचनालयातील अभ्यासमंडळात पहिल्या महायुद्धावर चर्चा चालू असताना एका सभासदांनी ठामपणे सांगितले की, एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली ती केवळ ब्रिटन आणि फ्रान्सला दिलेले कर्ज बुडू नये म्हणून. न्यूयॉर्कची मॉर्गन यांची पेढी (खासगी बँक) १९१५ पासून ब्रिटिश सरकारची अमेरिकेतील खरेदी सांभाळत होती आणि त्याच वर्षी तिने दोन्ही देशांसाठी पन्नास कोटी डॉलरचे कर्ज उभारून दिले, एवढे मला पडताळता आले. परंतु मूठभर धनिक एखाद्या लोकशाही राष्ट्राला युद्धात ढकलू शकतात का? पुढच्या बैठकीत मला मांडणी करायची आहे, तरी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १ (निवृत्त प्राध्यापक, धुळे)

ताई, या आरोपाची चौकशी खुद्द अमेरिकेच्या सिनेटने केली होती. जेराल्ड नाय यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३४ ते १९३६ या काळात पेढीवाल्यांच्या आणि दारूगोळ्याच्या कारखानदारांच्या साक्षी घेतल्या. अवाढव्य नफा उघड झाला; संगनमताने युद्ध घडवल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

माझ्या मते खरी गोष्ट दोन पत्रांत दडलेली आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी अध्यक्ष विल्सन यांना बजावले की, युद्धातील निषिद्ध मालात पैसा सर्वांत घातक, कारण बाकी सारे त्याच्याच जोरावर मिळते. आणि सरकारने युद्धमान देशांना कर्ज देण्यास नापसंती दर्शवली. वर्षभराने, ब्रायन राजीनामा देऊन गेल्यावर, अर्थमंत्री मॅकअडू यांनी त्याच अध्यक्षांना लिहिले की, देशाची भरभराट टिकवायची तर तिला भांडवलही आपणच पुरवले पाहिजे. तोवर गहू, कापूस, पोलाद या साऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक ब्रिटन झाले होते. युद्ध करा, असे कोणा धनिकाने सांगावे लागले नाही. तटस्थ राहणेच दिवसेंदिवस महाग होत गेले, आणि ज्यांचे हितसंबंध या व्यापारात गुंतले होते त्यांचे म्हणणे सरकारदरबारी आधी ऐकले गेले.

प्रतिसाद २ (कापूस व्यापारी, जळगाव)

सरांचे विवेचन पटते, पण नफा कोणाला झाला यावरून युद्ध कोणी घडवले हे ठरवू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा आपल्या खानदेशच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला, आणि युद्ध संपताच तो कोसळला. इथल्या शेतकऱ्याने किंवा अडत्याने ते युद्ध पेटवले, असे कोणी म्हणणार नाही.

शिवाय नोव्हेंबर १९१६ मध्ये फेडरल रिझर्व्ह बोर्डाने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेच्या मंडळाने) विल्सन यांच्या संमतीने अमेरिकन बँकांना परदेशी सरकारांच्या विनातारण हुंड्यांबाबत सावधगिरीचा इशारा दिला, आणि तो अशाच हुंड्या विकण्याच्या मॉर्गन पेढीच्या बेताच्या थेट विरुद्ध होता. सरकार धनिकांच्या मुठीत असते तर हे घडले नसते. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांचे अनिर्बंध हल्ले पुन्हा सुरू केले आणि पाठोपाठ मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध चिथावणारी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन यांची तार उघड झाली, हे मंडळात विसरले जाऊ नये.

प्रतिसाद ३ (इतिहास शिक्षिका, नंदुरबार)

थेट प्रभावाचे उदाहरण हवे असेल तर ब्रिटन आणि चीनमधले पहिले अफूयुद्ध पाहावे. चीनने ब्रिटिश व्यापाऱ्यांची अफू जप्त केल्यावर त्यांच्यापैकी विल्यम जार्डिन १८३९ मध्ये लंडनला परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांना भेटले, नकाशे दिले, किती जहाजे लागतील याचा सल्लाही दिला. त्या अफूत मुंबईमार्गे जाणारा माळव्याचा मालही असे, म्हणजे हा व्यवहार आपल्या शेजारचाच. १८४० मध्ये या प्रकरणी सरकारविरोधी ठराव ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात अवघ्या नऊ मतांनी पडला. तिथे कोण कोणाला भेटले आणि काय मागितले याची नोंद आहे. १९१७ बाबत तसा कागद नाय समितीलाही सापडला नाही.

तरीही भाऊ, आपण सरकारला जरा लवकर निर्दोष ठरवले. ६ एप्रिलला युद्ध जाहीर झाले आणि २४ एप्रिललाच मित्रराष्ट्रांना तीन अब्ज डॉलरपर्यंत सरकारी कर्ज देण्याची मुभा देणारा कायदा झाला. पेढ्यांनी पत्करलेली पुढची जोखीम त्यामुळे करदात्यांच्या आणि रोखे घेणाऱ्या सामान्यांच्या माथी आली. ताई, मंडळात कर्जाचा विषय निघाला की हा कायदा अवश्य वाचून दाखवावा.