'मी तुमचा पंखा': आता पुरे की राव!

धागाकर्ता: कुणाच्याही लेखाखाली जा, कुणीतरी 'मी तुमचा पंखा झालो' म्हणून गेलेलं असतंच. पहिल्यांदा हसलो होतो, आता वैताग येतो. शिवाय यात इंग्रजीचीही गल्लत आहे. वारा घालणारा फॅन आणि चाहता फॅन हे मुळात दोन वेगळे शब्द, योगायोगाने सारखे दिसणारे. पहिला लॅटिन 'वान्नुस'वरून आला, म्हणजे धान्य पाखडायचं सूप. दुसरा 'फॅनॅटिक'ची शेपटी छाटून झालेला, त्याच्या मुळाशी 'फानुम' म्हणजे देऊळ. १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलवेड्यांमुळे तो रुळला. 'चाहता' हा चांगला शब्द असताना पंखा कशाला?

उंटावरचा शहाणा: अहो, शब्द वेगळे आहेत म्हणूनच तर कोटी होते! एकच असता तर ते नुसतं भाषांतर झालं असतं. सत्काराचा हार आणि सामन्यातली हार यांचेही अर्थ पार वेगळे, त्यावर कोट्या करायच्या थांबलो का आपण? आणि 'चाहता' म्हटलं की मला वर्तमानपत्रातली बातमी आठवते. 'चाहत्यांची अलोट गर्दी' वगैरे.

लिंबूटिंबू: बायकांनी काय म्हणायचं, पंखी?

खळ्यावरची: मी धागाकर्त्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. आजी पाखडायला बसली की मनगटाला एक बारीक झटका द्यायची. फोलपटं पुढच्या काठावरून उडायची, दाणे मागे हाताशी यायचे. म्हणजे सुपाचं काम निवडणं. आणि फॅन? आवडत्या नटाचा पडेल सिनेमाही 'क्लासिक' म्हणून गळ्यात मारतो. फोलपटासकट सगळं गोड! दोघांचा स्वभावच उलटा, एका नावाने हाक कशी मारायची?

उंटावरचा शहाणा: देवळापासूनच आलाय तर 'भक्त' म्हणा की सरळ.

धागाकर्ता: नको रे बाबा. तो शब्द काढला की पुढचे दोनशे प्रतिसाद राजकारणावर.

जुनी कचेरी: पंखा इंग्रजीत आधीच गेलेला आहे, हे कुणी बोललंच नाही. साहेबाच्या कचेरीत छताला कापडाचा लांबलचक पंखा टांगलेला असायचा, त्याला ते 'पंका' म्हणायचे. दोरी ओढणारा माणूस बरेचदा बाहेर व्हरांड्यात बसलेला, तो 'पंकावाला'. दिवसभर दुसऱ्याला वारा घालायचा आणि स्वतः घामाघूम व्हायचं. पहाटे पाचला पहिल्या शोच्या रांगेत उभा राहणारा गडी याहून काय निराळं करतो? तेव्हा पंखा नको, 'पंखावाला' म्हणा.

धागाकर्ता: हे चालेल. पण महिनाभरच हं.