लाईव्ह डिस्कवरून लिनक्स हार्ड डिस्कवर टाकायचं आहे, डी ड्राइव्हला धक्का न लावता

वाचनालयताई

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका 'क' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे एकच संगणक आहे: पेंटियम 4, रॅम 1 जीबी, हार्ड डिस्क 160 जीबी, त्यावर विंडोज एक्सपी. एक्सपीचे अपडेट 2014 सालीच बंद झाले आणि आता तर ब्राउझरमध्ये धड काही उघडत नाही. नवीन संगणकाला पैसे मिळतील तेव्हा मिळतील.

भाच्याने अँटीएक्स 23 (जुन्या संगणकांवर चालणारं हलकं लिनक्स) ची 32 बिटवाली लाईव्ह डिस्क करून दिली, म्हणजे हार्ड डिस्कवर काही न टाकता थेट तिच्यावरूनच संगणक चालतो. (सीडीत मावत नव्हतं, म्हणून डीव्हीडीवर.) डिस्कवरून सगळं छान चालतं. नेट चालतं, प्रिंटर ओळखला, मराठी स्वच्छ दिसतं. पण बंद केलं की केलेलं सगळं जातं. म्हणून हार्ड डिस्कवर कायमचं टाकायचं आहे. एक्सपी गेलं तरी चालेल.

डी ड्राइव्हवर मात्र आमची दाखल नोंदवही आहे. साडेसात हजार पुस्तकं, एक्सेलमध्ये, माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी एकेक नोंद हाताने भरलेली. ती जाता कामा नये. भाचा पुण्याला परत गेला. त्याने फोनवर सांगितलेली एलएसबीएलके ही डिस्कचे भाग दाखवणारी आज्ञा दिली तर हे दिसतं:

एसडीए – 149.1 जी
एसडीए1 – 40 जी
एसडीए2 – 1 के
एसडीए5 – 109.1 जी

यातलं डी कोणतं? एसडीए2 फक्त 1 के आहे, ते पुसून टाकलं तर चालेल का? आणि आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, यूपीएसची बॅटरी संपलेली आहे. मधेच लाईट गेली तर काय होईल? शिवाय चालू केल्यावर दर वेळी तारीख 1 जानेवारी 2003 येते, त्याने काही बिघडेल का?

जुनंयंत्र

ताई, एसडीए2 ला अजिबात हात लावू नका. आकार 1 के दिसतो म्हणून ते रिकामं वाटतं, पण ते एक्स्टेंडेड पार्टिशन आहे, म्हणजे डिस्कचे दुसरे भाग पोटात ठेवणारा भाग. ती मोठी पेटी समजा, आणि एसडीए5 म्हणजे तुमचा डी ड्राइव्ह त्या पेटीत ठेवलेला डबा. पेटी काढली की डबाही गेला. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन करता येतात, म्हणून त्या काळी सी प्रायमरी आणि डी असा पेटीत ठेवायची पद्धत होती. तुमचं सी म्हणजे एसडीए1. आपल्याला फक्त तेवढंच काढायचं आहे.

पण थांबा. सी पुसण्याआधी मला तुम्हाला एक विचारायचं आहे आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती नोंदवही कोणत्या फाँटात टाइप केली आहे? त्या काळातल्या बहुतेक मराठी फाइली युनिकोडमध्ये (आजच्या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नसायच्या. फाइल असते डी वर, पण ती ज्या फाँटामुळे वाचता येते तो असतो सी वर, विंडोज फोल्डरातल्या फाँट्समध्ये. सी पुसलं की नोंदवही जागेवर राहील, पण उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसेल. लाईव्ह डिस्कवर असताना ती फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघा, लगेच कळेल.

तसंच डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्सही सी मध्येच असतात, डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज या फोल्डरात. लोक डी जपतात आणि डेस्कटॉपवरची ठेवीदारांची यादी घालवून बसतात. तेव्हा आधी लाईव्ह डिस्कवरूनच पेनड्राइव्ह लावा आणि तीन गोष्टी उचला: सगळा डी, सगळं फाँट्स फोल्डर, आणि डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज. पेनड्राइव्हवरची फाइल दुसऱ्या कुठल्यातरी संगणकावर उघडून बघा, मगच पुढे जा.

पपीप्रेमी

एवढा खटाटोप कशाला? फ्रुगल इन्स्टॉल करा. लाईव्ह डिस्कवरची सगळी सिस्टिम एका दाबून बसवलेल्या मोठ्या फाइलमध्ये असते. ती फाइल, कर्नल आणि इनिटआरडी (सिस्टिम सुरू करणाऱ्या दोन फाइली) सी वरच्या एका फोल्डरात कॉपी करायचं, केलेले बदल वेगळ्या सेव्ह फाइलमध्ये जातात. पार्टिशनला हातच लागत नाही. पपी लिनक्सवाले वर्षानुवर्षं हेच करतात.

जुनंयंत्र

घरच्या संगणकावर मीही हेच सुचवलं असतं. वाचनालयात नको. बदल सेव्ह कसे आणि कधी होतात हे वापरणाऱ्याला माहीत असावं लागतं, आणि उद्या ताईंच्या जागी दुसरं कुणी बसलं तर त्यांना ते कोण समजावणार? नोंदवहीचं काम करणाऱ्या मशीनवर साधं, पूर्ण इन्स्टॉलच बरं. शिवाय 1 जीबी रॅमवर स्वॅप पार्टिशनचा (रॅम भरली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) मोठा आधार होतो.

ताई, बॅकअप झाला की लाईव्ह डिस्कवरून जीपार्टेड (पार्टिशन बदलायचा प्रोग्रॅम) उघडा. एसडीए1 निवडा, डिलीट करा. त्या मोकळ्या 40 जीबीत 38 चं ईएक्सटी4 (लिनक्ससाठीची पार्टिशनची पद्धत) आणि उरलेल्या 2 चं लिनक्स-स्वॅप करा. दुसऱ्याचं नाव एसडीए3 येईल. क्रम विचित्र दिसेल, पण ते बरोबर आहे. जीपार्टेडमध्ये हिरवी टिकमार्क दाबेपर्यंत प्रत्यक्षात काहीच होत नाही, म्हणून दाबण्याआधी खालची यादी सावकाश वाचा. त्यात एसडीए2 किंवा एसडीए5 हे नाव कुठेही दिसलं तर रद्द करा आणि इथे विचारा.

मग इन्स्टॉलर. तो 'पूर्ण डिस्क वापरू का' असं विचारेल, त्याला नाही म्हणायचं आणि स्वतः पार्टिशन निवडायचा पर्याय घ्यायचा. रूट (लिनक्स जिथे बसेल ती जागा) म्हणून एसडीए1, स्वॅप म्हणून एसडीए3. ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कुठे टाकायचा हे विचारेल तेव्हा एमबीआर (डिस्कचा अगदी सुरुवातीचा भाग) आणि डिस्क एसडीए. नवीन युजर आणि पासवर्ड तिथेच करायचा. लाईव्हमधला डेमो हा युजर इन्स्टॉल झाल्यावर राहत नाही. पासवर्ड दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहू नका, अध्यक्षांकडे पाकिटात द्या.

लाईटचं म्हणाल तर फाइली कॉपी होताना गेली तरी डी चं काही बिघडत नाही, कारण तिथे इन्स्टॉलर लिहीतच नाही. परत पहिल्यापासून इन्स्टॉल करायचं. नाजूक वेळ ती हिरवी टिकमार्क दाबल्यानंतरची, कारण तेव्हा डिस्कचा नकाशाच बदलतो. ते काही सेकंदांचं काम आहे. तरी बॅकअपशिवाय करू नका.

हार्डवेअरकाका

इतकी जुनी डिस्क आहे तर त्याआधी तिची तब्येत बघा. लाईव्हमधूनच स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) माहिती काढता येते. 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळींत शेवटचा आकडा शून्य हवा. पेंडिंग वाढत असेल तर त्या डिस्कवर काही टाकू नका, नोंदवही उचला आणि डिस्क बदला.

तारखेचं कारण मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर2032. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. संगणकाची वायर भिंतीतून काढून मग बदला, लिहिलेली बाजू वर. हा सेल इन्स्टॉल करण्याआधीच बदला, कारण घड्याळ 2003 मध्ये असेल तर सुरक्षित साईट प्रमाणपत्राच्या चुका दाखवतात आणि अँटीएक्सचे अपडेटही 'अजून लागू नाही' म्हणून अडतात.

वाचनालयताई

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनंयंत्र, तुमची शंका खरी निघाली. लाईव्हवर नोंदवही उघडली तर एक अक्षर वाचता येईना. सी वरचं फाँट्स फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घेतलं. स्मार्टमध्ये दोन्ही आकडे शून्य. सेल बदलला, तारीख बरोबर येते. काल इन्स्टॉल केलं, लाईट गेली नाही, डी ड्राइव्ह जसाच्या तसा आहे.

आता दोन प्रश्न. फाँट कुठे टाकायचा? आणि नवीन पुस्तकांच्या नोंदी त्याच शीटमध्ये खाली टाइप करत जाऊ का?

जुनंयंत्र

छान झालं. आपल्या होम फोल्डरात 'डॉट फाँट्स' नावाचं फोल्डर करा (नावाच्या सुरुवातीला टिंब, म्हणून ते लपलेलं असतं), त्यात फाँटची फाइल टाका, लिब्रेऑफिस बंद करून उघडा. नोंदवही दिसायला लागेल.

त्याच शीटमध्ये टाइप करू नका. तो जुना फाँट टाइप करून देणारा प्रोग्रॅम विंडोजचा होता, इथे तो नाही. तुम्ही इथे युनिकोडमध्ये टाइप कराल, आणि एकाच रकान्यात दोन प्रकार मिसळले की लेखकाचं नाव शोधताना अर्धी पुस्तकं सापडणारच नाहीत. आजच्या दाखल क्रमांकापासून नवीन शीट सुरू करा, कीबोर्ड इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाणित मांडणी) ठेवा. जुनी शीट उघडण्यापुरतीच ठेवा. ती युनिकोडमध्ये बदलायला कन्व्हर्टर असतात, पण जोडाक्षरं आणि रफार तपासावे लागतात. पहिल्या शंभर नोंदींची प्रत काढून त्यावर करून बघा, आणि फाँटचं नाव इथे लिहा.