जुन्या लॅपटॉपवर मोफत ऑफिस: मराठी अक्षरांचा घोळ

प्रश्न
विंडोज १०, ४ जीबी रॅम. कामं तीन: सोसायटीची मराठी पत्रं, घरखर्चाचा हिशेब, आणि आलेल्या वर्ड फायली दुरुस्त करून परत पाठवणं. नेटचा भरवसा नाही. सध्या लिबरऑफिस हे मोफत ऑफिस वापरतो, त्यात मराठी आणि इंग्रजी अक्षरांचा आकार जुळत नाही. बदलला तरी नव्या फायलीत पुन्हा तेच. काही जुन्या फायलींत तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. दुसरं काही घ्यावं का?

प्रतिसाद १
लिबरऑफिसच ठेवा. ओपनऑफिस या दुसऱ्या मोफत ऑफिसच्या वाटेला जाऊ नका. ते डॉकएक्स (वर्डच्या फायलींचा प्रकार) उघडतं, पण त्यात सेव्ह करत नाही. तुमचं तिसरं काम तिथेच अडेल.

रायटर (लिबरऑफिसमधला पत्रं लिहिण्याचा भाग) देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा ठेवतो, म्हणून हा घोळ. टूल्स → ऑप्शन्स → लँग्वेजेस अँड लोकेल्स → जनरलमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिपींची मांडणी) खूण करा, भाषा मराठी निवडा. मग त्याच ऑप्शन्समध्ये रायटरच्या यादीत 'बेसिक फॉन्ट्स सीटीएल' हे पान येईल. खूण नसेल तर ते दिसतच नाही. तिथे निर्मला यूआय हा फॉन्ट निवडा, आकार १२. हे नव्या फायलींना लागू होतं. जुन्या फायलीत एफ ११ दाबून स्टाइल्सची यादी उघडा आणि मूळ पॅराग्राफ स्टाइलच बदला.

प्रतिसाद २
वर्ड फायलीची मांडणी सरकली तर आधी फॉन्ट तपासा. कॅलिब्री, केंब्रियाच्या जागी त्याच रुंदीचे कार्लिटो, कॅलेडिया लिबरऑफिससोबतच येतात. खरी अडचण मंगल या देवनागरी फॉन्टची: विंडोज १० मध्ये मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली नसेल तर तो नसतो. सेटिंग्ज → अ‍ॅप्स → ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घाला. एकदाच नेट लागेल.

हिशेबासाठी लोकेल (आकडे-तारखा लिहिण्याची प्रादेशिक पद्धत) इंग्लिश इंडिया ठेवा, स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे पडतात.

प्रतिसाद ३
इंग्रजी अक्षरांच्या फायली कृतिदेव, श्री-लिपी अशा जुन्या फॉन्टांतल्या असणार. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. कुठलंही ऑफिस बदलून फरक पडणार नाही. मजकुरावर क्लिक करा, फॉन्टचं नाव वर दिसेल (तो बसवलेला नसला तरी). त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर (जुना मजकूर युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत बदलणारं साधन) वापरा, दुसऱ्या फॉन्टचा चालत नाही. मधले इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्ते आधी बाजूला काढा, नाहीतर त्यांचंही मराठी कडबोळं होतं. नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांखालून घाला: जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, म्हणून चुका तिथेच राहतात.

प्रश्नकर्ता
खूण केल्यावर सीटीएलचं पान दिसलं, आकार जुळला. जुन्या फायलींत फॉन्ट कृतिदेव निघाला. मूळ फायली तशाच ठेवून प्रतींवर रूपांतर करतो.