शेळगीत नाल्याकाठी घर, सासरे सीनाकाठी: पुराचा इशारा वेळेत कळायला काय घ्यावं? (बजेट २५००)

पूर्वभागकर
घर सोलापूर शहरात शेळगी भागात, नाल्यापासून शंभरेक फुटांवर. सासरे मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या काठच्या वस्तीवर. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन. इशारे येत नाहीत असं नाही, ढिगाने येतात. पण "सोलापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस" यावरून पाऊस करमाळ्याला की अक्कलकोटला की आमच्या गल्लीत, ते काय कळणार? मला हवं ते एवढंच: रात्री झोपेतून उठवेल असा आवाज, आणि नेट व लाईट दोन्ही गेले तरी चालू राहील अशी सोय. दोन्ही घरांचं मिळून बजेट २५००. ऑनलाइन "वेदर रेडिओ" म्हणून एक वस्तू २३०० ला दिसते. घ्यावी का?

मिरचीभजी
दामिनी ॲप टाका. फुकट आहे. विषय संपला.

होटगीरोड
वेदर रेडिओ एक नंबर वस्तू. माझा आठ हजारांचा आहे. फिरवायचा दांडा, सोलर, टॉर्च, मोबाईल चार्जिंग, सगळं त्यातच. २३०० वाला प्लास्टिकचा असतो, त्याच्या नादी लागू नका. थोडे वाढवा आणि चांगला घ्या.

तारयंत्र
ताई, दोन्ही घेऊ नका. वेदर रेडिओ १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातली सात चॅनल पकडतो. त्यावर अमेरिकेच्या हवामान खात्याचं प्रसारण चालतं, आपल्याकडे तसं प्रसारण नाही. त्यामुळे "अलर्ट" बटण सोलापुरात जन्मभर मुकं राहणार. उरतो तो एफएम रेडिओ आणि टॉर्च, आणि तेवढंच हवं असेल तर ते सात-आठशेत मिळतं. रेडिओ जरूर ठेवा, सेलवर चालणारा. पण त्यावर बातमी कळते. झोपलेल्याला तो उठवत नाही.

उठवायचं काम आपल्याकडे सेल ब्रॉडकास्ट करतं. हा एसएमएस नव्हे. एसएमएस एकेका नंबरला रांगेत जातो, गर्दीत तासभर उशिराही येतो. ब्रॉडकास्ट टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी पडतं, नेट लागत नाही, फोन सायलेंटवर असला तरी कर्कश वाजतो. २०२३ साली चाचणीचे मेसेज आले होते तेच. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये "सुरक्षितता आणि आणीबाणी", त्यात "वायरलेस इमर्जन्सी अलर्ट". सगळे खटके चालू करा, कंपन आणि आवाजही. काही फोनमध्ये हेच मेसेज ॲपच्या सेटिंगमध्ये दडलेलं असतं. आयफोनवर नोटिफिकेशनच्या पानावर अगदी तळाशी. रात्री फोन फ्लाइट मोडवर टाकून झोपायची सवय असेल तर मात्र काहीच येणार नाही.

बटणांच्या फोनमध्ये मेसेजच्या मेनूत "ब्रॉडकास्ट" असतं, पण बहुधा बंद. चालू करून चॅनल नंबर टाकला तरी तो भोंग्यासारखा आवाज येत नाही. सासऱ्यांसाठी साधा ४जी अँड्रॉइड, जुना घेतला तरी चालेल.

होटगीरोड
अलर्टचं माहीत नाही, टॉर्च मात्र भारी आहे.

मिरचीभजी
दामिनीत अलर्ट येतो की. बघितलं का?

गडगडाट
बघितलंय, म्हणून सांगतो. दामिनी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे आणि ते फक्त विजेसाठी आहे. तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं काढतं, वीज कुठे पडली ते दाखवतं, पुढच्या ४० ते ४५ मिनिटांचा अंदाज देतं. पुराचं त्यात काही नाही. वापरायचं तर लोकेशन "नेहमी" ठेवा, "ॲप उघडं असताना" ठेवलं तर रात्री ते गप्पच. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्यावरचं बंधनही काढा, नाहीतर फोनच दोन दिवसांनी त्याला झोपवतो. "अलर्ट येत नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांचं दुखणं या दोन जागी असतं.

आणि शेतात कानाएवढं ॲप नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजायचे, भागिले तीन म्हणजे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की आडोशाला, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. झाड, पत्र्याची उघडी शेड, विहिरीवरची मोटर, तारेचं कुंपण यांपासून लांब. सासऱ्यांना हे फोनशिवाय जमेल.

पिवळापट्टा
मूळ दुखणं रंगांचं आहे. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हाला. लोक यलो आला की शाळा बंद का नाही विचारतात, आणि रेड आला की "मागच्या वेळी कुठे पडला?" म्हणतात. "तुरळक ठिकाणी" याचं मोजमाप आहे: जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. म्हणजे अकरा तालुक्यांत नऊ कोरडे राहिले तरी अंदाज बरोबरच. "काही ठिकाणी" म्हणजे ५० पर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" ७५ पर्यंत. मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, अति मुसळधार ११५.६ पासून, अत्यंत मुसळधार २०४.४ च्या पुढे. आता हा आकडा २४ तासांचा आहे. तेच ७० मिलिमीटर दिवसभरात पडले तर गटारं पचवतात, तासात पडले तर तुमच्या नाल्याचं पाणी उंबऱ्यावर. रंगातून हे कळत नाही.

रखरखाट
उन्हाचंही सांगा की कोणीतरी! सरासरीपेक्षा ४.५ अंश जास्त असेल तरच उष्णतेची लाट. इथे मे महिन्याची सरासरीच चाळिशीत, म्हणजे ४३ ला माणूस भाजून निघाला तरी कागदावर लाट नाही. कोकणात ३७ ला लाट लागते.

पिवळापट्टा
किनारपट्टीचा निकष वेगळा असतो राव, ३७ च्या जोडीला तिथेही सरासरीपेक्षा ४.५ जास्त लागतं. आणि ४५ गाठलं की सरासरी न बघता लाट धरतात. पण ताईंनी पूर विचारलाय.

सीनाथडी
मोहोळचं मी सांगतो, कारण इथे सगळे आकाशाकडे बघताहेत आणि सीनेचं पाणी आकाशातून येत नाही, वरून येतं. अहिल्यानगर, आष्टी, परांडा, भूम इकडे पाऊस झाला की सीना फुगते, मोहोळला ऊन असलं तरी. २०२५ च्या सप्टेंबरात तेच झालं. म्हणून सासऱ्यांसाठी सोलापूरचा अंदाज दुय्यम. बघायचं ते हे: सीना-कोळेगाव धरणातून किती क्युसेक सोडलं, आणि परांड्याकडच्या चांदणी व खासापुरी प्रकल्पांचे सांडवे वाहताहेत का. हे तिन्ही आकडे एकत्र धरा, एकेकटे फसवतात. धरणांच्या बाहेर, पाणलोटात पडून थेट नदीत येणारा पाऊस त्यावर वेगळा.

वडकबाळला केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र आहे, पण ते मोहोळच्या खाली. ते वाढलेलं दिसेल तेव्हा सासऱ्यांच्या दारात पाणी येऊन गेलेलं असेल. आकडा वरच्या गावांचा हवा.

अंदाज यायला एक हिशोब: एक टीएमसी म्हणजे ११,५७४ क्युसेक सलग २४ तास. "एक लाख क्युसेक सोडले" म्हणजे दिवसाला साडेआठ टीएमसीहून जास्त. उजनीचा उपयुक्त साठाच ५३.५७ टीएमसी आहे, त्यावरून ताडून बघा.

चंद्रभागा
पंढरपूरवाल्यांनी उजनीच्या विसर्गात नीरेवरच्या वीर धरणाचा मिळवायला विसरू नये. नीरा नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते, पुढे दोन्हींची बेरीज. "उजनीतून फक्त तीस हजार" ऐकून घाटावर निवांत बसायचं नाही.

लांबोटीस्पेशल
मोहोळ आणि पुराचा विषय निघालाच आहे तर लांबोटीला थांबून चिवडा घ्या आणि पुलावरून नदी बघा. फुकट इशारा.

सीनाथडी
हसू नका, पुलाच्या खांबावरची पातळी वाचणं हा खरंच चांगला उपाय आहे. वस्तीजवळच्या पुलाच्या किंवा बंधाऱ्याच्या खांबावर ऑइल पेंटने फूट-फूट पट्टे मारा, धोक्याचा लाल. तासाला पाणी किती चढतं ते लिहून ठेवा. तासाला फूट चढत असेल तर जनावरं सोडायची वेळ झाली. आणि सासऱ्यांचा नंबर ग्राम सुरक्षा यंत्रणेत नोंदवा. एका माणसाने फोन केला की नोंदलेल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी कॉल जातो, बटणांच्या फोनवरही. रिंग वाजते, मेसेज वाचायची भानगड नाही. गावाने नंबर वेळेवर भरलेले हवेत, घोडं तिथेच अडतं.

वाराफिरला
विंडी हे हवामानाचं ॲप बघा. युरोपियन मॉडेल लावा. हवामान खात्याच्या आधी कळतं. मी वर्षाची वर्गणी भरली आहे.

गडगडाट
त्यातला युरोपियन अंदाज नऊ किलोमीटरच्या चौकटींचा आहे. दुपारी उठणारा गडगडाटी ढग चार-पाच किलोमीटरचा असतो. तो कोणत्या पेठेवर फुटेल हे मॉडेलला दिसतच नाही. दोन-तीन दिवस आधी वातावरण कळायला ठीक. तासाभराचं बघायचं तर रडार. सोलापुरात कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी आणलेलं आयआयटीएमचं सी-बँड रडार आहे, चित्र मिळालं तर ४० डीबीझेडच्या (रडारवर पावसाचा जोर दाखवणारा आकडा) वरचा डाग आपल्याकडे सरकतोय का ते मागच्या चार-पाच चित्रांत बघायचं. पन्नाशी ओलांडली की गारांचाही संशय धरायचा. पण हेही जागा माणूस बघतो, झोपलेला नाही.

पूर्वभागकर
सगळ्यांचे आभार. फोनचं सेटिंग केलं, घरात दोघांचं बंदच होतं. नाल्याचा प्रश्न मात्र राहिलाच, कारण तो जिल्ह्याचा नाही, गल्लीचा आहे. टाकी भरली की वाजणारा अलार्म मिळतो, तोच नाल्यात लावला तर?

तारयंत्र
नका. कचरा अडकून रोज रात्री वाजेल किंवा कधीच वाजणार नाही.

होटगीरोड
नका. भुरटे वायर नेतील.

पिवळापट्टा
नका. १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्ष आहे, तिथे विचारा.

मिरचीभजी
नाल्यात अलार्म? दामिनी टाका हो.

कॅपॅसिटर
मीही नकाच म्हणणार होतो, पण लावणारच असाल तर टाकीचा रेडिमेड अलार्म नको. त्याच्या प्रोब (पाणी ओळखणाऱ्या सळ्या) उघड्या असतात, ओलाव्यानेच वाजतात आणि महिन्यात गंजतात. असं करा:

चार इंची पीव्हीसी पाईप, तीन फूट, खालच्या अर्ध्या भागात १० मिमीची भोकं, वर टोपण. नाल्याच्या आत नाही, काठच्या भिंतीला क्लॅम्पने उभा ठोका, प्रवाहाकडे पाठ करून. बाहेरून जाळी. कचरा पाईपला लागेल, आतल्या तरंगत्या फ्लोटला नाही. आत उभा फ्लोट स्विच (पाण्याबरोबर फ्लोट वर आला की चालू होणारा खटका), उंची अशी की उंबऱ्याच्या पातळीच्या दोन फूट खाली वाजेल. दोन पातळ्यांचे दोन स्विच लावले तर आणखी चांगलं, खालचा वाजला की जागं व्हायचं, वरचा वाजला की निघायचं.

चूक इथे होते: लोक सायरन सरळ फ्लोट स्विचमधून जोडतात. २० वॉटचा १२ व्होल्ट सायरन पावणेदोन अँपियर ओढतो, फ्लोटच्या आतला रीड स्विच (चुंबकाने चालणारा बारीक खटका) अर्ध्या अँपियरचा. दोन-चारदा वाजून तो चिकटतो किंवा जळतो. मध्ये १२ व्होल्टचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा खटका) घाला, त्याच्या कॉइलवर उलटा डायोड. बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच (अँपियर-तास), घरात, वर टांगलेली. एरवी करंट शून्य, वाजायला लागला तर तीन तास सहज. चार्जर १३.६ ते १३.८ व्होल्टवर थांबणारा घ्या, बाईकचा साधा नको, बॅटरी फुगते. नाल्याकडे फक्त स्विचची बारीक वायर जाते, तीत चोरण्याजोगं तांबं नसतं. जोड पाण्याच्या वर, हीट श्रिंकमध्ये (तापवली की आवळणारी नळी).

बॅटरी हजार, सायरन चारशे, दोन स्विच चारशे, रिले-डायोड शंभर, पाईप-क्लॅम्प तीनशे, चार्जर चारशे. २६०० होतात. महिन्यातून एकदा वाजवून बघायचा, पावसाळ्याआधी गाळ काढायचा. पाणी घरात यायला लागलं तर आधी मेन स्विच बंद.

तारयंत्र
एवढं करून सासऱ्यांना काय?

पूर्वभागकर
सासऱ्यांना नवीन फोन देत नाही. ते तो कपाटात ठेवतील. ग्राम सुरक्षेत नंबर नोंदवला आणि सीना-कोळेगावचा विसर्ग रोज संध्याकाळी मी बघून फोन करते, वाढला की जास्त वेळा. सगळे पैसे नाल्यावर घालते. शंभर रुपये गल्लीतून वर्गणी. कॅपॅसिटर, सायरन नवी पेठेत मिळेल ना?

कॅपॅसिटर
मिळेल. मोटरचा गोल सायरन मागा, पिझोचा चिं-चिं वाला देतील तो घेऊ नका, पावसाच्या आवाजात ऐकू येत नाही. आणि बंद करायचा खटका घरात ठेवा, नाहीतर पाणी उतरेपर्यंत तो बोंबलत बसेल आणि शेजारी वायर तोडतील.

होटगीरोड
माझा वेदर रेडिओ विकायचा आहे, टॉर्चसकट. पाच हजार.