विमानाच्या डिझाइनमध्ये व्हीआर हेडसेटचा खरा उपयोग काय?

कॅड_पुणेकर:
गाड्यांचं काम सोडून नुकताच विमानाच्या प्रोजेक्टवर आलोय, कॅटिया या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरवरच. प्रवासी विमानाच्या पोटातल्या इक्विपमेंट बेचं, म्हणजे उपकरणं ठेवायच्या कप्प्याचं काम आहे. परवा ऑफिसात व्हीआर हेडसेट आले, साहेब जाम खूश. पण स्क्रीनवर दिसत नाही असं त्यात नवीन काय दिसणार? बोईंग 777 अख्खं कॅटियावर झालं आणि 1994 मध्ये उडालंसुद्धा.

पानेवाला:
उमेदीची वर्षं हँगरमध्ये गेली, हल्ली डिझाइनवाल्यांच्या रिव्ह्यूत बसतो. स्क्रीनवर मॉडेल फिरवताना तू देव असतोस, फ्रेममधून आरपार जातोस. मेकॅनिक शिडीवर असतो, डोकं हॅचमध्ये, म्हणजे बेच्या झाकणाच्या भोकात, आणि खांदा अडकलेला. कनेक्टरपर्यंत त्याचा हात पोचतो, पण पोचला की त्याच हातामागे कनेक्टर झाकला जातो. मग लॉकवायर (जोड सैल होऊ नये म्हणून पिळून बांधायची तार) मारायची ती बोटांच्या अंदाजाने. स्क्रीनवर हे लक्षातच येत नाही. हेडसेट घालून वाकलास की लगेच येतं.

कॉकपिटचंही तेच. नियमाप्रमाणे साधारण 158 ते 190 सेंटिमीटर उंचीच्या कुठल्याही पायलटला सगळे कंट्रोल नीट हाताळता आले पाहिजेत. सहा फुटी डिझायनरला हेडसेटमध्ये 158 वाल्याच्या नजरेने बसवून बघ, कुरकुर सुरू होते.

आरती_नाशिक:
म्हणजे लाकडी मॉकअप, खऱ्या मापाचे नमुने, आता मोडीत?

पानेवाला:
छे! हेडसेटमधल्या बॉक्सला वजन नसतं आणि कोपर पत्र्यावर आपटत नाही, पलीकडे निघून जातं. अडचणीची जागा सापडली की तेवढाच तुकडा प्लायवूडमध्ये करून घ्यावा. काही गोष्टींना तर जिवंत माणसंच लागतात. 2006 मध्ये हॅम्बुर्गला एअरबसने आपलं ए380 हे विमान रिकामं करून दाखवलं, तेव्हा 853 प्रवासी आणि 20 कर्मचारी अंधारात, निम्मी दारं बंद असताना 78 सेकंदांत बाहेर पडले. मर्यादा 90 ची आहे.

वायरमन:
त्याच ए380 चं वायरिंग विसरलात काय? पाचशेवर किलोमीटर वायर. एअरबसचे हॅम्बुर्गवाले कॅटियाच्या जुन्या व्ही4 आवृत्तीवर, तुलूझवाले नव्या व्ही5 वर, दोन्हींचा मेळ बसेना. तयार हार्नेस (वायरींचे जुडगे) तुलूझला बसवायला घेतले तर आखूड पडले आणि विमान जवळपास दोन वर्षं लांबलं. मॉडेलच चुकलेलं असेल तर हेडसेट तेच ऐटीत दाखवणार.

पण कारखान्यात हे तंत्र कामाला येतं. एअरबसने खऱ्या विमानावर टॅबलेट धरून मॉडेलशी ताडून पाहायची सोय केली, आणि ए380 मधल्या ब्रॅकेटची (वायरी, पाइप धरून ठेवणाऱ्या आधारांची) तपासणी तीन आठवड्यांवरून तीन दिवसांवर आली.

कॅड_पुणेकर:
आमचे हार्नेस कुठून न्यायचे हे मॉडेलमध्ये अजून आखलेलंच नाही आणि रिव्ह्यू शुक्रवारी आहे.

पानेवाला:
मग शुक्रवारी फक्त हॅच आणि शिडी बघा. वायरी नसल्याने बे ऐसपैस दिसेल, साहेब म्हणतील, "केवढी जागा आहे!" तिथे गप्प बसू नकोस. आणि पहिला हेडसेट एखाद्या मेकॅनिकच्या डोक्यावर चढव, साहेबांच्या नको.