नवीन सिस्टरना पहिली एकटी नाइट कधी द्यावी?

प्रश्न (आरोग्य सहायिका, मंगळवेढा तालुका)

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन नवीन सिस्टर रुजू झाल्यात. एक जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), एक बी.एस्सी. नर्सिंग. अभ्यास पक्का आहे, पण दोघींचं प्रॅक्टिकल मोठ्या रुग्णालयांत झालंय. तिथं हाकेच्या अंतरावर डॉक्टर आणि रक्तपेढी असते. इथं रात्री एक सिस्टर, एक परिचर आणि क्वार्टरमध्ये डॉक्टर. माणसं कमी म्हणून लगेच नाइट लावा असं वरून सांगतात. प्रसूती फारशा होत नाहीत, त्यामुळे त्यांचा हात बसायला केसच मिळत नाहीत. आधी काय काय पक्कं करून घ्यावं?

उत्तर १ (अधिपरिचारिका, प्रसूती कक्ष, बार्शी तालुका)

ताई, तारीख बघून नाइट लावू नका, हात बघून लावा. अतिरक्तस्राव, बीपी वाढून येणारे झटके आणि न रडणारं बाळ ही तीन कामं कुणी न सांगता करता आली की मगच एकटी नाइट. केस कमी असल्या तरी सराव रोज होऊ शकतो. ओपीडी संपल्यावर १५ मिनिटं पुरतात.

मॅगसल्फपासून, म्हणजे झटक्यांवरच्या मॅग्नेशियम सल्फेटपासून, सुरुवात करा. अँपूल हातात द्या आणि पहिला डोस काढायला सांगा. ५० टक्क्यांच्या २ मि.ली. अँपूलमध्ये १ ग्रॅम औषध असतं. पहिला डोस १० ग्रॅम, म्हणजे १० अँपूल. प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, स्नायूत खोलवर, आणि मग रेफर. नवीन मुली इथंच अडखळतात, कारण ग्रॅम पाठ असतात पण अँपूल कधी मोजलेल्या नसतात. लेबलवरची टक्केवारी मोठ्यानं वाचायची सवय लावा. १० मि.ली.च्या दोन सिरिंज आणि लांब सुया त्याच ट्रेमध्ये हव्यात, नाहीतर झटके चालू असताना कपाट उघडावं लागतं. शेजारी १० टक्क्यांचं १० मि.ली. कॅल्शियम ग्लुकोनेट ठेवा. मॅगसल्फनं श्वास मंदावला तर ते शिरेतून सावकाश द्यायचं असतं.

अतिरक्तस्राव टाळायला ऑक्सिटोसिन १० युनिट, बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत, स्नायूत. त्याआधी पोटात दुसरं बाळ नाही ना हे हातानं बघायचं. औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं. सोलापूरच्या मे महिन्यात अँपूल दिवसभर ट्रेमध्ये पडून राहिली की तिची ताकद जाते, मग इंजेक्शन देऊनही गर्भाशय घट्ट होत नाही. म्हणून ट्रेमध्ये फक्त 'ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये' अशी चिठ्ठी ठेवायची आणि प्रसूती जवळ आली की अँपूल बाहेर काढायची.

अँबू बॅग, म्हणजे न रडणाऱ्या बाळाला हातानं श्वास द्यायची पिशवी, प्रत्येक ड्युटीच्या सुरुवातीला तपासायची. मास्क तळहातावर घट्ट धरून बॅग दाबली की हाताला दाब लागला पाहिजे. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबरचा मास्क, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ०. मिनिटाला ४० ते ६० श्वास. छाती वर येत नसेल तर जोरात दाबू नका, आधी मान बघा. घाईत मान फार मागे वाकवली जाते आणि श्वासमार्गच बंद होतो. खांद्याखाली कापडाची घडी ठेवली की मान नीट राहते.

उत्तर २ (वैद्यकीय अधिकारी, सांगोला तालुका)

वरचं सगळं बरोबर आहे. मी फोनबद्दल लिहितो, कारण रात्रीचं नुकसान बहुतेक वेळा उशिरा केलेल्या फोनमुळे होतं. 'डॉक्टर झोपले असतील, थोडं थांबून बघू' असं नवीन सिस्टरच्या मनात येतं, आणि ते येणारच. म्हणून हा निर्णय तिच्यावर सोडूच नका. भिंतीवर लिहून लावा: वरचा बीपी १६० किंवा खालचा ११०, १४०/९० असून डोकं दुखतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी, पाच मिनिटांच्या आत एक पॅड भिजला, बाळ रडलं नाही, कोणताही सर्पदंश. यातलं काहीही असलं की विचार न करता फोन. त्याखाली डॉक्टरांची सही असू द्या, म्हणजे उठवलं म्हणून ओरडायची सोयच राहत नाही. बाळाच्या बाबतीत फोन परिचरानं लावायचा, सिस्टरचे हात बाळावरच हवेत.

फोनवर क्रमही ठरवून द्या. पेशंट कोण, आत्ता काय होतंय, बीपी-नाडी-श्वास किती, काय दिलं, काय हवंय. एवढं ३० सेकंदांत होतं.

सर्पदंशात रक्त गोठण्याची २० मिनिटांची तपासणी सिस्टरच करते आणि ती सहज चुकते. काचेची नवी, कोरडी नळीच हवी. प्लॅस्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही, आणि मग नको असताना प्रतिविष दिलं जातं. २० मिनिटं नळी हलवायची नाही, नंतर एकदाच तिरकी करायची. प्रतिविषाची जोरदार अॅलर्जी येऊ शकते, म्हणून ते सुरू करण्याआधी अ‍ॅड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून तयार हवं.

उत्तर ३ (समुदाय आरोग्य अधिकारी, अक्कलकोट तालुका)

आमच्याकडे बऱ्याच बायका फक्त कन्नड बोलतात, तुमच्या सीमेकडच्या गावांतही असतील. कळा कधीपासून, पाणी गेलं का, रक्त जातंय का, कितवी खेप, बाळ हलतंय का हे पाच प्रश्न आशाताईंकडून कन्नडमध्ये, पण देवनागरीत लिहून घ्या आणि प्रसूती कक्षात लावा.

आषाढीत पंढरपूरला ड्युट्या लागून केंद्रं रिकामी होतात. त्या आठवड्याचा रोस्टर आधीच करा, नाहीतर ऐनवेळी सगळ्या नाइट नवीन मुलींच्या गळ्यात पडतात.

प्रश्नकर्त्या

फार उपयोगी. हात बसावा म्हणून दोघींना काही दिवस पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवता येईल का?

उत्तर १

जरूर पाठवा, पण एकेक करून. तुमचं केंद्र जिल्हा परिषदेकडे आणि ते रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, त्यामुळे नुसतं तोंडी बोलून चालत नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्या आणि तिथून शल्यचिकित्सकांची परवानगी मागवा. पत्रात 'प्रसूती कक्ष, रात्रपाळीसह' असं स्पष्ट लिहा. ते राहिलं की मुलींना ओपीडीत केसपेपर लिहायला बसवतात.