१८९५चा व्हेनेझुएला सीमावाद: अमेरिका मध्ये पडली, पण कुणासाठी?

नकाशावेडा (धागालेखक)
बडा देश भांडणात पडला की लहानाला न्याय मिळतो, असं मानणाऱ्यांनी व्हेनेझुएला आणि ब्रिटिश गयाना (आजचा गयाना) यांच्या हद्दीचं प्रकरण बघावं. १८१४ साली डचांकडून एसेक्विबो, डेमेरारा, बर्बीस या वसाहती ब्रिटनकडे आल्या, पण पश्चिमेची हद्द कुठे ते कुणी ठरवलंच नाही. पुढे ब्रिटनने मोजणीला शॉम्बुर्क या भूमापकाला धाडलं. या गड्याने १८४१ मध्ये थेट ओरिनोको नदीच्या मुखाशी, बारिमाला, व्हिक्टोरिया राणीच्या आद्याक्षरांचे खांब रोवले. व्हेनेझुएलाने बोंब मारल्यावर ते काढले, दावा मात्र तसाच. कुयुनी नदीच्या खोऱ्यात सोनं दिसल्यावर तर तो आणखी पश्चिमेला सरकला.

१८९५च्या जुलैत अमेरिकी परराष्ट्रमंत्री ओल्नींनी लंडनला खलिता पाठवला: या खंडावर आज अमेरिकाच सार्वभौम, तिचा हुकूम म्हणजे कायदा. डिसेंबरात अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी सीमा आयोग मागितला, काँग्रेसने एक लाख डॉलर दिले, युद्धाच्या गप्पा सुरू झाल्या. ब्रिटन लवादाला तयार झालं. ३ ऑक्टोबर १८९९ला पॅरिसमध्ये निकाल लागला: वादातला सुमारे ९० टक्के मुलूख ब्रिटनला. पंच पाच, दोन ब्रिटिश, दोन अमेरिकी, एक रशियन. निकालाची कारणं दिलीच नाहीत! अमेरिकेला लंडनकडून मन्रो सिद्धांताला (अमेरिका खंडांत युरोपने ढवळाढवळ करू नये, या धोरणाला) मान हवा होता, तो मिळाला. व्हेनेझुएलाची जमीन हे निमित्त.

खडूस काका
असहमत. लवाद लवाद म्हणून व्हेनेझुएलाच वर्षानुवर्षं मागे लागला होता, १८८७ला त्यापायी ब्रिटनशी संबंधही तोडले. लंडन ढिम्म. ओल्नींच्या उद्धट खलित्यानंतरच दार उघडलं. आणि पंचांचं म्हणाल, तर दोन अमेरिकी पंचांपैकी फुलर यांना व्हेनेझुएलाच्या अध्यक्षांनीच नेमलं होतं. व्हेनेझुएलाचे वकील कोण, तर अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरिसन! ओरिनोकोचं मुख बारिमासकट व्हेनेझुएलाकडे राहिलं, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. नदीचा सगळा व्यापार तिथूनच जातो.

नकाशावेडा
काका, ते मुख ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अ‍ॅबरडीन १८४४ मध्येच सोडायला तयार होते, वर मोरुका नदीपर्यंतचा किनाराही देत होते. म्हणजे अर्धं शतक भांडून, अमेरिकेची मध्यस्थी घेऊन, हाती त्याहून कमीच. शिवाय १८९७च्या करारातलं ते कलम बघा: ५० वर्षांचा कब्जा असेल तर हक्क पक्का. ते ओल्नी आणि ब्रिटिश राजदूत पॉन्सफोट यांनी आपसात ठरवलं. आपल्याकडे कूळकायद्याच्या केसेस ऐकलेल्याला कळेल की खटल्याचा निकाल इथेच लागला.

खडूस काका
१८४४चा प्रस्ताव व्हेनेझुएलानेच गमावला, त्याचं खापर वॉशिंग्टनवर कशाला? ब्रिटन वाकलं त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल या बोअर प्रजासत्ताकाचाही हात होता. १८९५च्या अखेरीस तिथे ब्रिटिशांच्या बाजूच्या जेमसनचा फसलेला छापा, लगेच जर्मन सम्राट कैसरची ट्रान्सवालचे अध्यक्ष क्रूगर यांना अभिनंदनाची तार. दोन आघाड्या लंडनला नको होत्या. अमेरिकेने ती संधी साधली. राजकारण असंच चालतं.

मोरपीस
निकालानंतर व्हेनेझुएलाने ब्रिटनबरोबर मिळून १९००-०५ मध्ये जागेवर हद्द आखली, हे दोघंही विसरताय. निकाल इतकाच खोटा होता तर आखायला का गेले?

नकाशावेडा
दुबळ्याने सही केली म्हणजे पटलं असं नसतं. व्हेनेझुएलाच्या बाजूचे कनिष्ठ वकील मॅले-प्रेव्हो यांनी १९४४ मध्ये लिहून ठेवलंय की रशियन पंच मार्टेन्स यांनी ब्रिटिशांशी संगनमत केलं. ते टिपण त्यांच्या निधनानंतर, १९४९ मध्ये छापलं गेलं.

मोरपीस
४५ वर्षांनी, हरलेल्या पक्षाच्या वकिलाने लिहिलेलं! त्यावर १९६२ मध्ये व्हेनेझुएला संयुक्त राष्ट्रांत गेला, तेव्हा गयाना स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. १९६६च्या मे महिन्यात तो स्वतंत्र झाला, ऑक्टोबरात व्हेनेझुएलाने सीमेवरच्या कुयुनी नदीतलं अंकोको बेट पूर्ण ताब्यात घेतलं. आज मागतात तो एसेक्विबो, म्हणजे त्या नदीच्या पश्चिमेचा मुलूख, सुमारे १.६ लाख चौरस किमी, म्हणजे गयानाचा जवळपास तीन चतुर्थांश. २०१५ला समुद्रात तेल सापडलं आणि जुनी जखम एकदम ताजी झाली, कसा योगायोग! १८३८पासून भारतातून मळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांचे वंशज गयानात आज सर्वांत मोठा समूह आहेत. १८९९ला त्यांना किंवा तिथल्या आदिवासींना कुणी विचारलं होतं? एसेक्विबोवरच्या दाव्यासाठी व्हेनेझुएलाने घेतलेल्या डिसेंबर २०२३च्या सार्वमतातही मतं फक्त व्हेनेझुएलाच्या मतदारांची घेतली.

खडूस काका
मोरपीस, +१. धागालेखक, एसेक्विबोतल्या लोकांना आता काय सांगाल?

नकाशावेडा
हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात २०१८ पासून केस चालू आहे, तिथला निकाल मान्य करा, हेच. पण १८९९चा निकाल पवित्र म्हणून मला सांगू नका.